परसातला शेजार

आमच्या घरामागे न्हाणीपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत सुमारे पंधरा फूट रुंद आणि तीस फूट लांब अशी मोकळी जागा आहे. तिला बाग म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परस म्हणावे, एवढीच तिची योग्यता. मी स्वतः महाविद्यालयात संस्कृत शिकवतो. शेतकीची कोणतीही पदवी माझ्यापाशी नाही. तेव्हा इथे जे सांगणार आहे ते तज्ज्ञाचे सांगणे नव्हे. एकदा चांगला फसलेला आणि मग थोडाफार शहाणा झालेला माणूस बोलतो आहे, असे समजून ते वाचावे.

फसलो तो असा. काही वर्षांपूर्वी भाज्यांच्या सोबत-लागवडीवरचे एक परदेशी पुस्तक माझ्या हाती आले. सोबत-लागवड म्हणजे काय, तर एकमेकांना उपकारक अशी झाडे शेजारी शेजारी लावायची, म्हणजे औषधांच्या फवारणीवाचून भाजी येते. पुस्तकात कोष्टकेच्या कोष्टके होती. या झाडाचे त्याच्याशी जमते, त्याचे याच्याशी पटत नाही. लग्नाच्या पत्रिका जुळवाव्यात तसा सगळा मामला! टोमॅटोपुढे झेंडू लिहिला होता. झेंडू लावला की जमिनीतला सूत्रकृमी जातो, असे त्यात म्हटले होते. मी टोमॅटोची वीस रोपे लावली, त्यांच्यामध्ये झेंडूची चार रोपे टोचली आणि निर्धास्त झालो. विषारी औषध घरात आणायचेच नाही असे आम्ही ठरवले होते, कारण माझी धाकटी मुलगी टोमॅटो झाडावरूनच तोडायची, फ्रॉकला पुसायची आणि तिथेच उभ्या उभ्या खायची. धुण्याची वाट कोण बघतो?

दोन महिन्यांत झाडांची रया गेली. दुपारी माना टाकत, संध्याकाळी जरा सावरत. मला वाटले पाणी कमी पडते, पाणी वाढवले. मग वाटले खत कमी पडते, शेणखत घातले. शेवटी एक झाड उपटून पाहिले, तर मुळांवर गाठीच गाठी, जणू मण्यांची माळ. ज्याच्यासाठी झेंडू लावला तो सूत्रकृमी मुळांत सुखाने नांदत होता, आणि शेजारी झेंडू छान फुलला होता.

माझी आई मागच्या पायरीवर बसून हे सारे पाहत होती. तिचा जन्म गावाकडे शेतात गेलेला. मी पुस्तकाला दोष देऊ लागलो, तेव्हा ती म्हणाली, "अरे, झेंडूत खोट नाही. पण तू त्याला बोलावलंस कधी? टोमॅटोबरोबरच ना? तहान लागल्यावर विहीर खणायला घेतलीस होय!"

आईने सूत्रकृमी हा शब्दही ऐकलेला नव्हता. पण ती जे बोलली त्यातच सोबत-लागवडीचे इंगित आहे, हे मला पुढे वाचताना आणि करून पाहताना कळत गेले. कोणाशेजारी कोण लावावे हा प्रश्न अर्धाच आहे. कोण आधी, कोण मागून आणि किती दिवसांनी, हा उरलेला अर्धा, आणि कोष्टकांत तोच नेमका गाळलेला असतो.

झेंडूचेच पाहा. सूत्रकृमी हा डोळ्यांना न दिसणारा, दोऱ्यासारखा बारीक जीव. तो मातीतून मुळात शिरतो, तिथे ठाण मांडतो आणि मुळाला गाठी आणतो. झेंडूच्या मुळात एक द्रव्य असते. हॉलंडमधल्या संशोधकांनी 1958 साली या द्रव्याचा सूत्रकृमीवर होणारा घातक परिणाम दाखवून दिला. त्याचे शास्त्रीय नाव अल्फा-टरथायनिल. झेंडूच्या मुळात शिरलेल्या सूत्रकृमीची वाढ तिथे पुरी होत नाही, त्याची प्रजा वाढत नाही. आता यातून काय निघते? एक म्हणजे, झेंडूची मुळे जिथवर पोचतील तेवढ्याच मातीत हे काम होणार. चार रोपे वीस टोमॅटोंचे रक्षण करतील ही आशाच फोल. दुसरे म्हणजे, कामाला वेळ लागणार. सगळा वाफा झेंडूने दाट भरून तो निदान दोन-तीन महिने वाढू द्यावा, मग काढावा आणि त्या जागी टोमॅटो लावावा. म्हणजे हा झेंडू टोमॅटोचा शेजारी नव्हेच. आधीचा भाडेकरू म्हणा हवे तर. आणि मध्ये तण माजू दिले तर केलेले सारे पाण्यात, कारण सूत्रकृमी तणांच्या मुळांवर मजेत दिवस काढतो. या कामाला बुटका मखमली झेंडू अधिक चांगला समजतात.

पण गंमत पुढेच आहे. हाच झेंडू टोमॅटोचे दुसरेही एक काम करतो, आणि त्यासाठी मात्र तो शेजारीच हवा. टोमॅटोला फळ पोखरणारी अळी लागते. हिचा पतंग संध्याकाळनंतर अंडी घालायला येतो आणि त्याला झेंडूच्या कळ्या-फुलांची फार ओढ. टोमॅटोच्या कडेला फुललेला झेंडू असला तर पुष्कळशी अंडी तिकडे पडतात. बंगळूरूजवळ हेसरघट्टा येथे भारतीय बागवानी संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी यावर प्रयोग करून शेतकऱ्यांना प्रमाण घालून दिले : टोमॅटोच्या दर 16 ओळींमागे उंच वाढणाऱ्या झेंडूची 1 ओळ. आणि त्याहून महत्त्वाची अट अशी की लावणीच्या दिवशी झेंडूचे रोप 40 ते 45 दिवसांचे असावे व टोमॅटोचे 25 दिवसांचे. का? तर दोघांनाही फुले एकाच वेळी यावीत म्हणून. झेंडू मागाहून फुलला, तर पतंग त्याची वाट पाहत थांबत नाही!

म्हणजे झाड एक, कामे दोन आणि वेळा तीन. मातीतल्या कामासाठी काही महिने आधी. फळावरच्या कामासाठी शेजारी, पण वयाने वीस दिवस मोठा. आणि मी लावला होता तसा, दोन्हींच्या मधला, तो फक्त शोभेसाठी.

कोबीचेही असेच आहे. कोबी पोखरणारी ती हिरवी बारीक अळी, जिच्या पतंगाच्या पाठीवर चौकटीसारखे ठिपके दिसतात, तिला मोहरी फार आवडते. मावाही कोबी सोडून मोहरीवर जातो. त्याच संस्थेने कोबीच्या 25 ओळींमागे मोहरीच्या 2 ओळी सांगितल्या, पण दोन्ही एकदम पेरायच्या नाहीत. पहिली कोबी लावण्याच्या 15 दिवस आधी आणि दुसरी लावल्यानंतर 25 दिवसांनी. कारण उघड आहे. मोहरी झपाट्याने वाढून निबर होते. पहिली म्हातारी झाली की पतंगाला कोवळी मोहरी पुन्हा हवी. आता एक सावधगिरी. अशा झाडांना सापळा पीक म्हणतात, आणि सापळ्यात उंदीर सापडला म्हणून कोणी सापळा तसाच ठेवून झोपत नाही. किडीने भरलेली मोहरी वेळीच उपटून साबणाच्या पाण्यात बुडवली नाही, तर आपण सापळा नव्हे, किडीचे पाळणाघर चालवतो आहोत असे समजावे. शिवाय आपल्या चार वाफ्यांच्या परसात सापळ्याचा गुण मोठ्या शेताइतका येत नाही, हेही सांगून टाकतो. पतंगाला इकडून तिकडे जायला लागतात किती क्षण? तरी एक सोय होते. अळ्या कुठे शोधायच्या ते ठाऊक असते. मी सकाळी चहाच्या आधी झेंडू आणि मोहरी तेवढी पाहून येतो.

आता शेंगवर्गाविषयी. वाल, चवळी, घेवडा, मूग ही झाडे हवेतला नत्र जमिनीत आणतात, हे शाळेतल्या मुलालाही पाठ असते. हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने 1886 साली हे प्रयोगाने सिद्ध केले की त्यांच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात आणि ते हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. (या गाठी चांगल्या हं! सूत्रकृमीच्या गाठी मुळाच्या आतूनच फुगलेल्या असतात, या मुळाला बाजूने चिकटलेल्या असतात आणि नखाने सहज निघतात. निघालेली गाठ फोडावी. आत गुलाबी दिसले तर काम चालू आहे.) पण म्हणून वालाशेजारच्या वांग्याला लगेच नत्र मिळू लागतो, ही समजूत मात्र बरीचशी भाबडी आहे. वाल जिवंत असेतो मिळवलेला नत्र बहुतेक स्वतःच्या पानांत आणि दाण्यांत घालतो. शेजाऱ्याला उदारपणे वाटायला तो काही धर्मशाळा काढून बसलेला नाही. वाल संपला, त्याची मुळे आणि पाने कुजली, म्हणजे मग त्या जागी जो येतो त्याला हा वारसा मिळतो. म्हणून वालाचा वेल संपल्यावर मुळासकट उपटू नये. जमिनीलगत कापावा, मुळे आत राहू द्यावीत आणि त्या वाफ्यात मेथी, पालक किंवा कोबी घ्यावा. इथेही पुन्हा तेच. शेजार नव्हे, क्रम.

हे सगळे नवे आहे असे मात्र समजू नका. आपल्या देशावरचे शेतकरी जोंधळ्यात तुरीचे तास घालत आले, ते का? जोंधळा चार महिन्यांत निघून जातो आणि तोवर तूर हळूहळू, गरीब सुनेसारखी, खालमानेने वाढत असते. जोंधळा निघाला की तिला ऊन आणि ओल दोन्ही मिळतात, आणि मग ती अंग धरते. दोघांची भूक एकाच वेळी नसते, म्हणून भांडण नाही. रब्बीच्या ज्वारीला कडेने करडई पेरतात, ती काट्यांमुळे जनावरे आत शिरू नयेत म्हणून. तिथे वेळेचा प्रश्न नाही, कुंपणाचा आहे. गोव्यातले कुळागर ज्यांनी पाहिले असेल त्यांना उजेडाची वाटणी कशी असते ते निराळे सांगायला नको. वर माड आणि पोफळी, पोफळीवर चढलेला मिरवेल, खाली केळी, आणि त्यांच्याही खाली सावलीत हळद, आले, अननस. आपल्या जुन्या घरांतही न्हाणीच्या पाण्यावर केळ आणि तिच्या सावलीत अळू असायचे. कोणी कोष्टक पाहून लावले नव्हते.

आणि माझ्या विषयाचा मोह आवरत नाही म्हणून सांगतो. वराहमिहिराची बृहत्संहिता सहाव्या शतकातली. तिच्यात वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. दोन झाडांत वीस हातांचे अंतर उत्तम, सोळा मध्यम, बारा म्हणजे कमीत कमी, असे तो सांगतो. आणि जवळ जवळ लावलेली, एकमेकांना टेकलेली, मुळे एकमेकांत गुंतलेली झाडे नीट फळ देत नाहीत, हेही सांगतो. हे मोठ्या झाडांविषयी आहे, पण वीतभर अंतरावर वांगी लावणाऱ्या माझ्यासारख्याने त्यातून घ्यायचे ते घ्यावे. त्याच अध्यायात जमीन तयार करण्याची रीत दिली आहे : आधी तीळ पेरावेत, ते फुलावर आले की तिथेच तुडवावेत, जमिनीचे हे पहिले काम. आपण आज ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यावर गाडतो, तेच नव्हे का हे? मी हा अध्याय वर्गात शिकवला होता. परसात आणायला मात्र टोमॅटो मरावे लागले.

असो. घरगुती वाफ्यात सर्वांत सोपा आणि हमखास साधणारा जोड कोणता म्हणाल, तर लवकर निघणारी भाजी आणि सावकाश पसरणारी भाजी यांचा. वांग्याची रोपे दोन-दोन फुटांवर लावली की पहिला दीड महिना मधली जागा नुसती पडून असते आणि तिथे तण येते. त्या जागेत त्याच दिवशी मुळा आणि मेथी टाकावी. मेथी महिन्याभरात घरात, मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. तोवर वांगी हातपाय पसरू लागतात. तणही कमी आणि भाजीही पदरात.

मका, घेवडा आणि भोपळा यांची जोडगोळी उत्तर अमेरिकेतले इरोक्वाय लोक पिढ्यान्‌पिढ्या लावत आले. मक्यावर घेवड्याचा वेल चढतो, भोपळ्याची पाने जमीन झाकतात आणि ओल टिकते. मी घेवड्याऐवजी चवळी घेऊन केला हा प्रयोग, आणि दोन्हींचे बी एकाच दिवशी टोकले. चवळीने कोवळ्या मक्याला मिठी मारून आडवे पाडले. पुढल्या वर्षी मका हातभर होऊ दिला, मग चवळी टोकली. मग जमले.

काही भाज्यांना फुलोऱ्यावर जाऊ देण्याचेही एक काम आहे. कोथिंबीर, बडीशेप यांची बारीक फुले आली की त्यांवर लहान लहान माश्या नि गांधीलमाशीच्या जातीचे चिमुकले कीटक मधासाठी येतात आणि यांतले कित्येक आपल्या भाजीवरच्या अळ्यांचे आणि माव्याचे वैरी असतात. म्हणून सगळी कोथिंबीर न खुडता एक कोपरा सोडावा. तसाच तो ढालकिडा. लाल, अर्ध्या वाटाण्याएवढा, पाठीवर काळे ठिपके असलेला. तो सर्वांना आवडतो. पण त्याचे पिल्लू काळपट, लांबट, काहीसे मगरीसारखे दिसते, आणि तेच मावा अधाशासारखे खाते. आमच्या घरी पहिल्या वर्षी आम्ही ही पिल्ले कीड समजून वेचून मारली. मी स्वतः मारली. चवळीवर मावा का वाढतो आहे याचे आश्चर्य करीत मारली!

कोष्टकातल्या सर्वच गोष्टी खऱ्या ठरल्या असेही नाही. कांद्याशेजारी घेवडा खुरटतो असे वाचले होते. दोन हंगाम शेजारी लावून पाहिला, एक वाफा कांद्याचा शेजार असलेला आणि एक नसलेला. मला तरी काही फरक दिसला नाही. तुळशीने टोमॅटोची चव वाढते म्हणतात. आमच्या घरात यावर एकमत होऊ शकले नाही. ज्या शेजाराचे कारण सांगता येत नाही, तो करून पाहावा, पण त्याच्यावर सगळा वाफा लावू नये.

शहरात राहणारे वाचक म्हणतील, आम्हांला परस कुठला, गच्चीवर चार कुंड्या आहेत. त्यांना सांगायचे तर कुंडीत शेजार नसतो, भाऊबंदकी असते. एवढ्याशा मातीत दोन मोठी झाडे नकोत; एक मिरची आणि तिच्या पायथ्याशी फार तर थोडी कोथिंबीर. मात्र शेंगवर्गानंतर पालेभाजी हा क्रम कुंडीतही पाळता येतो.

आणि माती उपाशी असेल तर शेजारी कितीही गुणी असोत, ते भांडणारच. खताची गोष्ट म्हणून टाळता येत नाही. आल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शास्त्रज्ञ 1924 ते 1931 इंदूरला होता. तिथे त्याने आणि त्याचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, जनावरांच्या मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन खत करण्याची रीत बसवली आणि 1931 साली दोघांच्या नावे पुस्तक काढले. जगभर ती इंदूर पद्धत म्हणून गेली. आपल्याला तिचे घरगुती रूप पुरते. पालापाचोळा, भाजीचे देठ-साली, थोडे शेण, थोडी जुनी माती, चिमूटभर राख. पिळलेल्या फडक्याइतकी ओल. आणि मधून मधून उलटणे. उलटले नाही तर वास येतो, नि वास आला की घरातली मंडळी बाग बंद करायला सांगतात. तीन महिन्यांत खत तयार होते. ओले शेण किंवा कच्चा कचरा थेट मुळाशी घालू नये.

फवारणी करावीच लागली तर निंबोळी. एक लिटर पाण्याला 50 ग्रॅम निंबोळीच्या बियांची भरड रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळावी, पाने ओली व्हावीत म्हणून किंचित साबण घालावा, आणि संध्याकाळी फवारावे. उन्हात तिचा गुण लवकर उडतो. तंबाखूचा काढा मात्र करू नये. वनस्पतीचा आहे म्हणून तो सौम्य नाही. निकोटिन हे जहरच आहे, आणि माझ्या मुलीसारखी फ्रॉकला पुसून खाणारी मुले प्रत्येक घरात असतात. इतकेच काय, तंबाखू मळलेला हातही साबणाने धुतल्यावाचून टोमॅटोच्या रोपाला लावू नये. त्या हाताने रोग जातो. आमच्याकडे येणाऱ्या माळीबुवांना हे सांगायला मला फार संकोच वाटला, पण सांगितले.

त्या फसलेल्या वाफ्याचे पुढे काय झाले ते राहिलेच. दुसऱ्या वर्षी मृगाच्या पावसावर मी त्या सबंध वाफ्यात मखमली झेंडू दाट लावला. आई म्हणाली, "यंदा टोमॅटो नाहीत वाटतं?" मी म्हटले, "आहेत. दसऱ्यानंतर." तण मात्र दर आठवड्याला काढले. दसऱ्याला दाराला तोरण घरच्या झेंडूचे लागले, चार शेजाऱ्यांकडेही फुले गेली. मग झाडे उपटून, बारीक तोडून त्याच वाफ्यात मिसळली, वर खत घातले, आणि तीन आठवड्यांनी टोमॅटोची वीस रोपे लावली. कडेला उंच झेंडूची पाच रोपे. ही आधीच वाढवून ठेवलेली, कळ्या धरायला आलेली.

फाल्गुनात हंगाम संपला तेव्हा विसाच्या वीस झाडे एकेक उपटून मी आईसमोर पायरीवर मांडली. तिघांच्या मुळांना गाठी होत्या. ती तिन्ही भिंतीकडच्या टोकाची, जिथे झेंडू विरळ उगवला होता. आईने एक मूळ हातात घेतले, माती झटकली, बोटांनी चाचपून पाहिले आणि विचारले, "मग त्या कोपऱ्यात या पावसाळ्यात पुन्हा झेंडू ना?"